पद्मिनी पुन्हा परीक्षेला

१२ जानेवारी २०२५, रविवार

जुन्या बाजारात गेलो होतो खरं तर जॅकच्या हँडलसाठी. हँडल मिळालं नाही, पण एका ताडपत्रीवर गंजके नळ, टाइपरायटर आणि देव्हाऱ्यातल्या समया यांच्या मध्ये सुतळीने बांधलेला एक गठ्ठा दिसला आणि वरच्या अंकावर गाडीचं चित्र, मग काय, बसलोच खाली. साठच्या दशकातली इंग्रजी मोटार मासिकं, अकरा अंक. विकणारे काका म्हणाले सहाशे, मी म्हटलं रद्दीच आहे हो, ते म्हणाले "रद्दी असती तर तुम्ही खाली बसला असता का?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, साडेचारशेला घेतला.

घरी आल्यावर कळलं की एका अंकात फियाट ११०० डी ची रोड टेस्ट आहे, म्हणजे गाडी रस्त्यावर पळवून, मोजून घेतलेली परीक्षा. ही गाडी आपल्या प्रीमियर पद्मिनीची सख्खी आईच. आमच्याकडे आप्पांची १९८६ची पद्मिनी आहे, अजून चालते, अधूनमधून रुसते. तेव्हाच डोक्यात आलं की ही टेस्ट जशीच्या तशी आपण आपल्या गाडीवर परत करून बघायची, त्यांचे आकडे एका बाजूला, आपले दुसऱ्या. वही काढली, रकाने आखले आणि मग बघतो तर आकड्यांचं पानच नाही! कोणीतरी ब्लेडने शिस्तीत कापून नेलंय. मजकूर आहे, फोटो आहेत, तक्ता तेवढा गायब.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ खात उरलेले अंक वाचले. तक्ता नसला तरी टेस्ट कशी करायचे ते बाकीच्या अंकांवरून नीट समजतं आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडलं. हा प्रकार सुरू केला 'ऑटोकार' या इंग्रजी मोटार साप्ताहिकाने १९२८ साली, ऑस्टिन सेव्हन या गाडीवर. नंतर 'मोटर' हे दुसरं साप्ताहिक आणि 'ऑटोकार' या दोघांची वर्षानुवर्षं चढाओढ.

गाडीच्या स्पीडोमीटरवर हे लोक अजिबात विश्वास ठेवायचे नाहीत. मागच्या बंपरला सायकलच्या चाकासारखं एक पाचवं चाक जोडायचं, ते रस्त्यावर फिरतं आणि खरा वेग त्यावरून मोजायचा. ब्रेकसाठी टॅपली मीटर, आत लंबक असलेली छोटीशी डबी, गाडी किती जोरात थांबते ते त्यावर दिसतं. ताशी ३० मैलांवरून गाडी ३० फुटांत थांबली की ब्रेक शंभर टक्के, असा त्यांचा हिशेब. मी ताडून पाहिलं, बरोबर एक जी येतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर. कमाल वेगासाठी ट्रॅक, नाहीतर सरळ मोटरवे, कारण इंग्लंडमध्ये १९६५च्या डिसेंबरपर्यंत मोटरवेवर वेगमर्यादाच नव्हती. आपल्याकडे एवढं सुख कुठलं!

एक गोष्ट मात्र आधीच लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. त्यांचा गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर, अमेरिकन गॅलन ३.७८५. तोच '३० मैल गॅलनला' हा आकडा इंग्रजी मासिकात म्हणजे साडेदहा किलोमीटरचा अॅव्हरेज आणि अमेरिकन मासिकात पावणेतेरा. मी इतकी वर्षं नेटवरचे आकडे वाचून उगाच कुणाला नावं ठेवत होतो काय माहीत.

१९ जानेवारी, रविवार

पायाच चुकला होता. आज मजकूर शांतपणे वाचताना लक्षात आलं की टेस्टमधल्या गाडीचं इंजिन १२२१ सीसीचं आहे. इटलीत १९६२ला ११०० डी आली ती १२२१ सीसी आणि ५० हॉर्सपॉवर घेऊन. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९६४ पासून तेच अंग इथे बनवायला घेतलं, पण आत इंजिन ठेवलं १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ स्ट्रोक (पिस्टनची धाव). आपल्या गाडीला साधारण ४० हॉर्सपॉवर. म्हणजे तक्ता सापडला असता तरी मी दहा घोडे कमी घेऊन शर्यतीला उतरणार होतो आणि वर गाडीलाच म्हातारी म्हणणार होतो.

आणि आम्ही राहतो पुण्यात. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर. हवा विरळ, कार्बोरेटरच्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद इथेच गेली, गाडीने काही पाप न करता.

आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग आता काय, मोजायचं सोडणार?" आप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना अर्धवट सोडलेलं काम दिसलं की त्रास होतो.

ठरवलं की तुलना नाही करायची, टेस्टच आपली करायची. पद्धत त्यांची, गाडी आपली.

२२ जानेवारी, बुधवार

आधी गाडी माणसात आणायची. मागच्या वर्षी एका गॅरेजला दिली होती, त्यांनी ठिणगी पाडणारे पॉइंट आणि त्यांचा कंडेन्सर नवे टाकले म्हणून पैसे घेतले होते. आज नाना पेठेतल्या आमच्या चाचांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. पॉइंट जुनेच, घासून परत बसवलेले. गॅरेजचं नाव लिहित नाही, पण त्या दिवशीची पावती अजून जपून ठेवलीये, एवढं पुरे.

चाचांनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी घातली, पॉइंटचा गॅप लावला, व्हॉल्व्हचे टॅपेट गरम इंजिनवर एकेक करून कान लावून ऐकले. एका टॅपेटचा आवाज त्यांना आवडेना. नट सैल केला, स्क्रू पाव फेरा फिरवला, घट्ट केला, परत ऐकलं, परत सैल. चार वेळा. मला चारही वेळा आवाज सारखाच वाटला, चौथ्या वेळी ते "हां" म्हणाले आणि हात पुसले.

गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा (डायफ्रॅम) आणि रबरी पाइपही बदलून घेतले. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं, वीस टक्क्यांपर्यंत, आणि त्या काळचं रबर त्यासाठी नव्हतंच, फुगतं, भुगा होतो आणि तोच कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. जुना पाइप वाकवून बघितला तर भेगा पडलेल्या, आत बोट घातलं तर काळं झालं. एकूण खर्च ३२८० रुपये. अकरा अंक साडेचारशेचे, पुढचं विचारू नका.

२६ जानेवारी, रविवार

पाचवं चाक आपल्याकडे नाही, पण सायकल आहे. पुतणीची. तिचं पुढचं चाक गॅलरीत खडूची खूण करून एक फेरा लोटलं, २ मीटर ७ सेंटिमीटर. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर आणि वर थोडे सेंटिमीटर, म्हणजे १९४ फेरे आणि शेवटी पाऊण मीटरच्या किंचित वर. पुतणी कॉलेजला आहे, तिला वाटलं काका गंमत करतोय, नंतर तिनेच स्पोकला लाल रिबीन बांधली म्हणजे फेरे मोजता येतील. तिची काकू म्हणाली, "अहो, फोनमध्ये जीपीएस असतो ना?" असतो. तोही लावणार आहे. पण सायकलची मजा वेगळी.

संध्याकाळी बायपासला जाऊन जीपीएसने स्पीडो तपासला. काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ५४. किलोमीटरच्या दगडांवरून ओडोमीटरही पाहिला, रस्ता १० तर हा १०.६ म्हणतो. म्हणजे आमच्या घरात गेली काही वर्षं जो अॅव्हरेज अभिमानाने सांगितला जायचा त्यातून सहा टक्के आजपासून वजा. आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मोजमापाचा दिवस. ओळखीतल्या एकांची सासवडच्या बाजूला प्लॉटिंगची स्कीम आहे, रस्ता झालाय, प्लॉट अजून विकले गेलेले नाहीत, १.१ किलोमीटर सरळ डांबर आणि खाजगी जागा. परवानगी घेतली, दोन्ही टोकांना साखळी लावली, सकाळी पावणेसातला पोचलो. गाडीत मी आणि आप्पा, कारण मासिकवालेही दोन माणसं घेऊनच मोजायचे, आणि आप्पा घरी थांबले नसतेच. पुतणी शेवटच्या खुणेवर, एक स्टॉपवॉच तिच्याकडे, एक आप्पांकडे.

पहिला रन वाया. चोक आत ढकलायचा विसरलो, इंजिन गुदमरलं. दुसऱ्या रनला पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना स्टेअरिंगचा दांडा अडकला. ज्यांनी फक्त जमिनीतले गिअर बघितलेत त्यांच्यासाठी सांगतो, हा दांडा आपण हलवतो आणि त्याची खबर लिंकेजमधून खाली गिअरबॉक्सपर्यंत पोचायला वेळ लागतो, मध्ये दोनचार बुश आणि झिजलेले सांधे आहेत, तेव्हा घाई केली की सगळंच बिघडतं. जुन्या टेस्टमध्ये गिअर बदलण्याबद्दल चांगलं लिहिलंय. असेल. त्यांच्या गाडीचे बुश नवे होते.

तिसऱ्यापासून जमलं. सासवडच्या दिशेने २४.४ सेकंद, उलट्या दिशेने २६.८. एवढा फरक कसा म्हणून मी घड्याळावर संशय घेतला, पुतणीने पाण्याची बाटली रस्त्यावर आडवी ठेवली आणि ती आपोआप घरंगळायला लागली. डोळ्याला तो रस्ता एकदम सपाट दिसतो. म्हणूनच ते लोक दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढायचे, वाचलं होतं पण पटलं आज. सरासरी २५.६ सेकंद, पाव मैलाला. शून्य ते खरे ६० किलोमीटर ११.८, शून्य ते ८० साधारण २२. त्यापुढे मी गेलो नाही, आप्पांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं होतं.

ब्रेक घेतला खऱ्या ताशी ४८ किलोमीटरवरून (त्यांचे ३० मैल), म्हणजे काट्यावर ५३. चारही चाकांना ड्रम. गाडी डावीकडे ओढत १६ मीटरमध्ये थांबली. त्यांच्या भाषेत साधारण सत्तावन्न टक्के. मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे आली, आप्पा म्हणाले, "एकदम नको दाबू, ही तशी गाडी नाही."

५ फेब्रुवारी, बुधवार

घरी जाग्रण, बाकीचे अंक चाळत बसलो आणि जॅग्वार ई-टाइपच्या गोष्टीत अडकलो. १९६१, 'ऑटोकार'ने कमाल वेग मोजला ताशी १५०.४ मैल, 'मोटर'ने १४९.१. दीडशे मैलांची गाडी, २०९७ पौंडांत. त्या आकड्यावर गाडी विकली गेली. आणि ज्यांनी ती घेतली त्यांच्यातल्या बहुतेकांची गाडी काही तिथपर्यंत पोचेना, कारण टेस्टला दिलेल्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या असं जाणकार कधीपासून सांगतायत. म्हणजे चाक पाचवं, घड्याळ अचूक, आकडा खरा, आणि गाडीच वेगळी!

हे वाचून माझं तक्त्याचं दुःख बरंच कमी झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अॅव्हरेज. मागच्या आठवड्यात टाकी काठोकाठ भरली, ऑफिसची ये-जा चार दिवस, रविवारी दिवे घाटाने जेजुरी करून परत, आज त्याच पंपावर त्याच नोझलने परत काठोकाठ. ओडोवर १६१ किलोमीटर, पेट्रोल १२ लिटर. १३.४ झाले म्हणून खूश होणार इतक्यात सहा टक्के आठवले. खरा अॅव्हरेज साडेबाराच्या किंचित वर. इंग्रजी गॅलनला साधारण ३६ मैल.

इथे अजून एक गोम आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी, तेव्हा वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के मायलेज तिथेच गेलं. तेवढं धरलं तर आमची गाडी साडेतेराला बसते. आणि त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखं सांभाळायचं, आपल्याकडे २००० साली बंद झालं. आता मला कोणी सांगा की १९६५चा आकडा आणि माझा आकडा शेजारी लिहून मी नक्की काय सिद्ध करणार होतो.

अखेर आप्पांना सहा टक्क्यांचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग मी पहिल्या दिवसापासून चुकीचं सांगत होतो?" म्हटलं नाही, टायर मध्ये बदललेत, तेव्हा बरोबर असेल. हे खरं आहे की नाही मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली आणि पेपर वाचायला घेतला.

२ मार्च, रविवार

जुना कात्रज घाट. टेस्टमध्ये चढावर वेगळा परिच्छेद असायचा, म्हणून मुद्दाम बारा वाजता गेलो. बोगद्याच्या अलीकडे ट्रॅफिक, दहा मिनिटं रांगेत, आणि गाडीने आचके दिले आणि बंद. व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनला चिकटूनच, ब्लॉकची धग बसली की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसताच हवा ढकलत बसतो.

बॉनेट उघडलं. ज्या पिढीने फियाट चालवली त्या पिढीला यापुढचं सांगावं लागत नाही. आप्पांनी डिकीतून फडका काढला, बाटलीतलं पाणी ओतून पिळला आणि पंपावर गुंडाळला. चुर्र आवाज आला. पाच मिनिटं. बाजूने जाणारे दोघे थांबले, एकाने विचारलं धक्का देऊ का, दुसरा म्हणाला "नको, फियाट आहे, फडका आहे ना?" आणि हसत निघून गेला. दुसऱ्या स्टार्टला गाडी लागली.

त्या इंग्रजी टेस्टमध्ये हीटरवर सहा ओळी आहेत. काच लवकर साफ होते, पायांना ऊब मिळते. फडक्यावर एक ओळ नाही. त्यात त्यांची चूक नाही, लिहिणारा तिकडच्या थंडीत चालवत होता. पण आप्पा जे म्हणाले ते वहीत लिहून ठेवतोय: "त्याने गाडी दोन आठवडे चालवली, रे. भाजी आणायला नाही नेली."

९ मार्च, रविवार

आजपासून उलटं वाचायला सुरुवात केली. आकडे बाजूला, फक्त तक्रारी. लिहिणाऱ्याने पुढच्या लांबलचक सीटबद्दल कुरकुर केलीये की वळणावर माणूस घसरतो. आमच्याकडे त्याच सीटवर मी, काकू आणि मध्ये लहानपणीची पुतणी असे अख्ख्या कोकणात जाऊन आलोय, घसरायला जागाच नव्हती. त्याला डिकी पुरेशी वाटलीये, सुटकेस मोजून. आम्ही त्यात गणपतीची आरास, दोन पिंप आणि एकदा शिलाई मशीन नेलंय. एक तक्रार मात्र साठ वर्षांनी तशीच्या तशी: डाव्या बाजूच्या आरशात काही दिसत नाही. आमच्या गाडीला तर डावा आरसाच नव्हता, मी नंतर लावला, आणि खरोखर काही दिसत नाही.

तेव्हा माझी टेस्ट अशी लिहितोय. वर हवामान, तापमान, समुद्रसपाटीपासून उंची, पेट्रोल कुठलं, गाडीत कोण कोण होतं, टायरमधली हवा. मग आकडे, दोन्ही दिशांचे वेगवेगळे. मग फडका, त्याला किती पाणी लागलं आणि किती मिनिटांनी गाडी सुरू झाली. आप्पांनी त्यात एक ओळ स्वतःच्या हाताने घातली, शाईने: पावसात उजव्या दाराच्या खालून पाणी येतं, १९८७ पासून.

मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. चाचा म्हणतात आता स्पेअर उलट थोडे सोपे मिळतील, कारण भंगारात गाड्या आल्यात. चांगली बातमी म्हणावी की काय ते कळेना.

१९ मार्च, बुधवार

जुन्या बाजारातल्या काकांचा फोन. "तुमचं ते कापलेलं पान, तसली पानं सापडलीयेत." ऑफिसातून अर्धा दिवस काढून गेलो. एका जुन्या फाइलमध्ये ब्लेडने कापलेले तक्ते, वीसेक, एकाखाली एक, कोणीतरी आयुष्यभर आकडेच जमवत होता. ताडपत्रीवर बसून सगळे बघितले. ऑस्टिन, मॉरिस, हिलमन, फोर्ड. फियाट ११०० नाही.

सगळ्यात खाली ट्रायम्फ हेराल्ड, ९४८ सीसी. मद्रासला बनायची ती आपली स्टँडर्ड हेराल्ड हीच. वळायला पंचवीस फूट पुरतात, लंडनच्या टॅक्सीएवढे, असं त्यात छापलंय. हे मोजायला पुण्यातल्या गर्दीच्या अप्पा बळवंत चौकापेक्षा चांगली जागा नाही.

काका म्हणाले वीस रुपये. न घासाघीस करता दिले. आता हेराल्ड कोणाकडे आहे ते शोधायचं.